एक हार्ड डिस्क, तीन प्रकारचे संगणक: विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये एक्सटर्नल डिस्क कशी वापरावी

पुण्याच्या पेठांमधील जुन्या वाड्यांची छायाचित्रे काढून ती जपून ठेवण्याचे काम आम्ही सहा-सात जण हौसेने करतो. आमच्यापैकी एकाकडे मॅकबुक आहे, अभियांत्रिकीला असलेल्या एका मुलीच्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स आहे आणि माझ्यासह बाकीचे सारे विंडोज वापरतात. छायाचित्रे मात्र एकाच एक्सटर्नल हार्ड डिस्कवर जमा होतात आणि ती डिस्क सदाशिव पेठेतून कोथरूडला, कोथरूडहून हडपसरला अशी सतत फिरत असते. काही वर्षांपूर्वी मॅकवर तयार केलेली ही डिस्क मी माझ्या विंडोज संगणकाला जोडली. डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागेल, अशा अर्थाची सूचना पडद्यावर आली आणि संगणकाची ती नेहमीचीच एखादी औपचारिकता असावी असे समजून मी होकार दिला. आठ महिन्यांची छायाचित्रे एका क्षणात दिसेनाशी झाली. त्यांतले दोन वाडे तोपर्यंत पाडलेही गेले होते, त्यामुळे पुन्हा जाऊन छायाचित्रे काढण्याचा मार्ग उरला नव्हता. रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या मदतीने बरीचशी छायाचित्रे पुढे परत मिळाली, पण फाइलींची नावे आणि फोल्डर मिळाले नाहीत, आणि कोणता जिना कोणत्या वाड्यातला हे ओळखण्यात आमचा एक अख्खा पावसाळा गेला.

वेगवेगळ्या प्रकारच्या संगणकांमध्ये एकच डिस्क पहिल्यांदाच वापरू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. यातील कोणत्याही पायरीसाठी संगणकाचे विशेष शिक्षण लागत नाही, मात्र पायऱ्यांचा क्रम पाळणे आवश्यक आहे, कारण डिस्क रिकामी असताना जे काम पाच मिनिटांत होते तेच काम ती भरल्यावर दोन दिवसांचे होऊन बसते.

डिस्क ‘वाचता येत नाही’ म्हणजे नेमके काय होते

पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे आपण ज्याला पेशवे दफ्तर म्हणतो तिथे, मोडी लिपीतील असंख्य कागद आहेत. भाषा मराठीच, पण ज्याला केवळ बाळबोध लिपी येते त्याच्या हाती तो कागद दिला तर त्याला एक ओळही लागत नाही. कागद कोरा नसतो आणि खराबही झालेला नसतो, फक्त वाचणाऱ्याला ती लिपी येत नसते. हार्ड डिस्कचेही असेच आहे. डिस्कवर फाइली कोणत्या क्रमाने ठेवायच्या, त्यांची नावे कुठे लिहायची आणि रिकामी जागा कशी मोजायची, हे ठरवणाऱ्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात, आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला सगळ्याच फाइल सिस्टिमी वाचता येतात असे नाही. विंडोजला अनोळखी फाइल सिस्टिम दिसली की ते बहुधा फॉरमॅट करण्याविषयी विचारते. मॅक ‘ही डिस्क या संगणकाला वाचता येत नाही’ असे सांगून ‘इनिशियलाइझ’ हा पर्याय पुढे करतो. या दोन्ही सूचनांचा अर्थ एकच: मला हा मोडी कागद वाचता येत नाही, तेव्हा तो पुसून त्यावर माझ्या लिपीत लिहू का? अशा वेळी ‘कॅन्सल’ किंवा ‘इजेक्ट’ निवडावे आणि डिस्क ज्या संगणकावर तयार झाली होती तिथे नेऊन पाहावी. सूचना दिसल्याने डिस्कवरील काहीही बिघडलेले नसते, जे बिघडते ते होकार दिल्यानंतर.

नवख्या माणसाने पाच-सहा नावे ओळखीची करून घ्यावीत. विंडोजची स्वतःची फाइल सिस्टिम म्हणजे एनटीएफएस. ती १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. मॅकमध्ये १९९८ पासून एचएफएस प्लस होती आणि २०१७ च्या हाय सिएरा आवृत्तीपासून तिची जागा एपीएफएसने घेतली. लिनक्सवर सर्वसाधारणपणे ईएक्सटी४ असते. या सगळ्या आपापल्या घरच्या लिप्या आहेत. सर्वांना समजणाऱ्या लिप्या दोन. पहिली फॅट३२, जी १९९६ पासून वापरात आहे आणि जवळपास प्रत्येक उपकरणाला वाचता येते, पण तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल ठेवता येत नाही. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलेले ४के चित्रीकरण पावणेसहा मिनिटांतच ही मर्यादा ओलांडते, तेव्हा आजच्या कामासाठी फॅट३२ मोठ्या डिस्कवर वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली, मॅकने २०१० मध्ये १०.६.५ या आवृत्तीपासून स्वीकारली, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केल्यानंतर ती लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे मूळ गाभ्यातच आली. २०२० च्या ५.७ या कर्नलपासून तिथे तिचा चांगला ड्रायव्हर, म्हणजे ती वाचू-लिहू देणारा प्रोग्रॅम आहे. फाइलीच्या आकाराची व्यवहारात जाणवेल अशी मर्यादा तिला नाही. तीन प्रकारच्या संगणकांमध्ये फिरणाऱ्या डिस्कसाठी आज एक्सफॅट हीच योग्य निवड ठरते.

पहिली पायरी: डिस्कवर कोण लिहिणार हे आधी ठरवावे

डिस्क कोणकोणत्या संगणकांना लागणार एवढाच प्रश्न पुरेसा नाही, कोणता संगणक तिच्यावर लिहिणार आणि कोणता केवळ वाचणार हेही विचारावे, कारण निवड त्यावर अवलंबून असते. मॅकला एनटीएफएस वाचता येते, पण मूळ स्थितीत त्यावर काहीही लिहिता येत नाही. विंडोजवर भरलेल्या डिस्कमधून छायाचित्रे केवळ घ्यायची असतील तर मॅकवाल्याला एनटीएफएसची अडचण होणार नाही, पण संपादित केलेली छायाचित्रे परत त्याच डिस्कवर ठेवायची वेळ आली की काम अडेल. मॅकवर एनटीएफएसमध्ये लिहू देणारी सॉफ्टवेअर वेगळी विकत मिळतात, परंतु मॅकची आवृत्ती बदलली की त्यांचीही नवी आवृत्ती लागू शकते आणि डिस्क एखाद्या चौथ्याच माणसाच्या मॅकला जोडली तर त्यांचा काही उपयोग नसतो.

घरात फक्त विंडोज आणि लिनक्स असतील, मॅक कधीच मध्ये येणार नसेल, तर मात्र मी एनटीएफएस सुचवेन. लिनक्सवर ते ‘एनटीएफएस-३जी’ या ड्रायव्हरने अनेक वर्षांपासून चालते आणि २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून कर्नलमध्येच त्याचा दुसरा ड्रायव्हर आहे. एनटीएफएसचा मोठा गुण म्हणजे जर्नलिंग. जुन्या व्यापारी पद्धतीत व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहिला जाई आणि मग खतावणीत जाई, त्यामुळे खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द पाहून ती पुरी करता येत असे. एनटीएफएस, एपीएफएस आणि ईएक्सटी४ यांच्यात अशा अर्धवट कामातून सावरण्याची सोय असते. एक्सफॅटमध्ये रोजकीर्द नाही, थेट खतावणीच लिहिली जाते. लिहिताना मध्येच केबल निघाली किंवा वीज गेली तर नोंद अर्धी राहते आणि ती कशी पुरी करायची हे सांगणारे दुसरे काहीच डिस्कवर नसते. म्हणून एक्सफॅट ने-आण करण्यासाठी उत्तम आहे, पण एकमेव प्रत सांभाळण्यासाठी नाही. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे, कारण आमचे नुकसान झाल्यावर सर्वांत उशिरा जी गोष्ट आमच्या लक्षात आली ती हीच.

दुसरी पायरी: डिस्कवर आधीच काय आहे ते पाहावे

नव्या डिस्क पुष्कळदा एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये आधीच तयार करून विकल्या जातात. पुण्याच्या तपकीर गल्लीच्या बाजारातून आणलेली नवी डिस्क उघडताच तिच्यावर फाइली भरण्याआधी हे तपासावे. विंडोजवर ‘धिस पीसी’ उघडून डिस्कवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहिले की ‘फाइल सिस्टिम’ या शब्दांपुढे नाव दिसते. मॅकवर डिस्क निवडून ‘गेट इन्फो’ पाहावे आणि उबुंटूवर ‘डिस्क्स’ हे ॲप उघडावे. तिथे एक्सफॅट दिसले आणि डिस्क तिन्ही संगणकांवर उघडत असेल, तर फॉरमॅट करण्याचे कारणच नाही.

डिस्क जुनी असेल तर तिच्यावरील सर्व काही आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे, आणि उतरवलेल्या प्रतीतल्या काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. केवळ फोल्डरचा आकार जुळला म्हणून समाधान मानू नये. या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज आधी घेतलेला बरा. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क यूएसबी ३ च्या पोर्टवर सेकंदाला साधारण १०० एमबी देते असे धरले, तर १ टीबी उतरवायला पावणेतीन तास लागतात. तीच डिस्क जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला किंवा जुन्या केबलला लावली तर वेग ३५-४० एमबीवर येतो आणि काम सात-आठ तासांवर जाते. पोर्टच्या आतली पट्टी निळी असेल तर तो बहुधा यूएसबी ३ असतो. लॅपटॉप चार्जरला जोडूनच हे काम हाती घ्यावे, आणि डेस्कटॉप असेल व यूपीएस नसेल तर दुरुस्तीसाठी वीज बंद राहणारा गुरुवार टाळावा.

विंडोजवर १ टीबीची डिस्क ९३१ जीबीची दिसते आणि तीच मॅकवर पूर्ण १ टीबीची दिसते, यावरून विक्रेत्याने फसवले असे अनेकांना वाटते. तसे काही नसते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि मॅकही २००९ पासून तसेच मोजतो, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. बाइट तेवढेच असतात.

तिसरी पायरी: फॉरमॅट करणे

आपल्या संगणकांमध्ये विंडोज असेल तर फॉरमॅट शक्यतो विंडोजवरच करावे, कारण तिथे तयार झालेली एक्सफॅट डिस्क मॅक आणि लिनक्स सहसा विनातक्रार स्वीकारतात. फॉरमॅट करताना इतर सर्व पेन ड्राइव्ह आणि डिस्क काढून ठेवाव्यात. हे सांगणे साधे वाटेल, पण दोन सारख्या नावांच्या डिस्क एकाच वेळी जोडलेल्या असल्या की चुकीची डिस्क सहज पुसली जाते.

विंडोजवर ‘धिस पीसी’मध्ये डिस्कवर उजवी क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडावे. उघडलेल्या खिडकीत ‘फाइल सिस्टिम’पुढे एक्सफॅट निवडावे. ‘अलोकेशन युनिट साइझ’, म्हणजे फाइली ठेवण्याच्या कप्प्याचा आकार, जे असेल तेच ठेवावे. तिथे मोठा आकडा निवडला की वेग वाढतो असा समज आहे, परंतु नेहमीपेक्षा फार मोठा आकडा निवडलेल्या डिस्क इतर संगणकांवर अडचणीच्या ठरू शकतात. लेबल, म्हणजे डिस्कचे नाव, ११ अक्षरांच्या आत बसेल असे छोटे द्यावे. ‘क्विक फॉरमॅट’ची खूण तशीच राहू द्यावी आणि मग ‘स्टार्ट’ दाबावे. डिस्क २ टीबीपेक्षा मोठी असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून खालच्या भागात डिस्कच्या नावावर उजवी क्लिक करावी, ‘प्रॉपर्टीज’मधील ‘व्हॉल्यूम्स’ या भागात जावे आणि ‘पार्टिशन स्टाइल’पुढे जीपीटी लिहिलेले आहे याची खात्री करावी. डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, कुठून कुठपर्यंत आहेत याची नोंद ठेवण्याची जीपीटी ही नवी पद्धत आहे; एमबीआर ही जुनी पद्धत सर्वसाधारण मांडणीत २ टीबीच्या पुढची जागा मोजू शकत नाही.

मॅकवर हे काम ‘डिस्क युटिलिटी’त होते. नवख्यांची हमखास चूक इथे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘डिस्क युटिलिटी’ उघडल्यावर डावीकडे केवळ व्हॉल्यूमची, म्हणजे डिस्कमधील फाइली ठेवायच्या भागांची, नावे दिसतात. ‘व्ह्यू’ या मेनूतून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडले की त्या नावांच्या वर प्रत्यक्ष डिस्कचे, म्हणजे बहुधा कंपनीच्या नावाचे, शीर्षक दिसू लागते. ते सर्वांत वरचे शीर्षक निवडून ‘इरेझ’ दाबावे. मग तीन रकाने दिसतात: नाव, ‘फॉरमॅट’ आणि ‘स्कीम’. ‘फॉरमॅट’मध्ये एक्सफॅट आणि ‘स्कीम’मध्ये ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ (म्हणजे जीपीटीच) निवडावे. ‘स्कीम’ हा रकाना दिसतच नसेल तर आपण डिस्कऐवजी तिच्यातील व्हॉल्यूम निवडला आहे असे समजावे आणि मागे जावे. अशा प्रकारे तयार केलेल्या डिस्कवर मॅक सुरुवातीला सुमारे २०० एमबीचे एक छोटे पार्टिशन ठेवतो. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ते दिसले तर घाबरू नये आणि ते काढण्याच्या मागेही लागू नये.

उबुंटूवर ‘डिस्क्स’ उघडून डावीकडे एक्सटर्नल डिस्क निवडावी, तिचा आकार पाहून ती नक्की तीच आहे याची खात्री करावी, पार्टिशन निवडून दातेरी चाकाच्या चिन्हातून ‘फॉरमॅट पार्टिशन’ घ्यावे, प्रकारात ‘अदर’ आणि पुढच्या पानावर एक्सफॅट निवडावे. एक्सफॅटचा पर्याय निवडता येत नसेल तर ‘एक्सफॅटप्रॉग्स’ हे पॅकेज बसवून घ्यावे लागते.

चौथी पायरी: भरण्याआधी चाचणी

फॉरमॅट झालेल्या डिस्कवर लगेच सगळे भरू नये. एक लहान मजकुराची फाइल, एक ४ जीबीपेक्षा मोठी व्हिडिओ फाइल आणि मराठी नाव असलेला एक फोल्डर एवढे तीनच नग पहिल्या संगणकावरून डिस्कवर ठेवावेत. डिस्क नीट काढून दुसऱ्या संगणकाला लावावी, तिन्ही उघडून पाहावेत, लहान फाइलीत एक ओळ वाढवून ती साठवावी, मग तिसऱ्या संगणकाकडे जावे. शेवटी पहिल्या संगणकावर परत येऊन सर्वांनी वाढवलेल्या ओळी दिसतात का ते पाहावे. ज्याचा संगणक जुना आहे त्याच्यापासून ही फेरी सुरू केली तर अडचण असल्यास ती लवकर कळते. आमच्या मंडळींपैकी प्रत्येकाने हे एकदा करायला अर्धा तास लागला. डिस्क टीव्हीला किंवा अँड्रॉइड फोनलाही लावायची असेल तर त्यांचीही याच वेळी परीक्षा घ्यावी, कारण त्यांच्यात एकवाक्यता नाही. आयफोन आणि आयपॅडवर २०१९ च्या तेराव्या आवृत्तीपासून ‘फाइल्स’ ॲपमध्ये एक्सफॅट डिस्क उघडते.

पाचवी पायरी: डिस्क काढण्याची शिस्त

एक्सफॅटमध्ये रोजकीर्द नसते हे लक्षात ठेवले की ही पायरी का महत्त्वाची आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. विंडोजवर घड्याळाजवळच्या चिन्हातून ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’, मॅकवर फाइंडरमधील ‘इजेक्ट’ आणि लिनक्सवर फाइल मॅनेजरमधील इजेक्टची खूण, यांपैकी जे लागू असेल ते केल्याशिवाय केबलला हात लावू नये. २०१८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये एक्सटर्नल डिस्कसाठी चटकन काढता येण्याची व्यवस्था मूळचीच असते, तरी फाइल लिहिली जात असताना केबल ओढली तर तिचा उपयोग नाही. लिनक्सवर तर अधिक जपावे लागते. तिथे कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसते, पण बराचसा मजकूर अजून मेमरीतच असतो आणि डिस्कवर उतरत असतो. इजेक्ट केल्यावर एखादे मिनिट किंवा त्याहूनही अधिक वेळ ‘काढू नका’ असा संदेश राहिला तर तो खरा मानून थांबावे.

कोणाकडून तरी डिस्क तशीच ओढली गेली आणि त्यानंतर ती मॅकला लावली की काही वेळा ती दिसतच नाही. दिवा लुकलुकतो, पण फाइंडरमध्ये काही येत नाही. अशा वेळी मॅक बहुधा पार्श्वभूमीवर डिस्क तपासत असतो आणि मोठ्या डिस्कला त्यासाठी पुष्कळ मिनिटे लागू शकतात. डिस्क बिघडली असे समजून ती पुन्हा ओढली तर तपासणी अर्धवट राहते आणि सारे पहिल्यापासून सुरू होते. एनटीएफएसच्या डिस्कची गोष्ट थोडी वेगळी आहे: विंडोजने ती नीट बंद केलेली नसेल, तर लिनक्स तिच्यावर लिहू देत नाही किंवा ती जोडतच नाही. तेव्हा लिनक्सवर खटपट न करता डिस्क परत विंडोजला लावावी, ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टूल्स’मधून ‘चेक’ चालवावे आणि नीट काढावी.

रोजच्या वापरात येणाऱ्या गोष्टी

फाइलींची मराठी नावे एक्सफॅटमध्ये व्यवस्थित राहतात, त्यामुळे इंग्रजी नावांचा आग्रह धरण्याचे कारण नाही. मात्र नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, उभी रेघ, दुहेरी अवतरण, लहान-मोठेपणाची चिन्हे आणि कोणतीही तिरकी रेघ वापरू नये, कारण विंडोजला ती चालत नाहीत. मॅक किंवा लिनक्सवर त्यांतली बरीच चालतात आणि म्हणूनच घोटाळा होतो. तारीख लिहायची तर तिरक्या रेघांनी न लिहिता २०२४-०३-१२ अशी वर्ष आधी ठेवून लिहावी, म्हणजे यादीही आपोआप कालक्रमाने लागते. मराठी नावांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे, जो आम्हाला फार उशिरा उमगला. एक्सफॅटमध्ये नाव २५५ चिन्हांपर्यंत असू शकते, पण लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘शनिवारवाडा’ हा शब्द आपल्याला सहा अक्षरांचा दिसतो, पण त्यात दहा चिन्हे आणि तीस बाइट आहेत. म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कवर मराठी नाव ८५ चिन्हांतच संपवावे लागते. आमच्या काही फाइलींना वाड्याचे नाव, पेठ, मजला आणि कोपरा असे सारेच नावात घालण्याची सवय होती. त्या फाइली उबुंटूवर उतरत नव्हत्या आणि आम्ही डिस्कला दोष देत होतो.

लहान आणि मोठ्या लिपीतली इंग्रजी नावे लिनक्सला वेगळी वाटतात, एक्सफॅटला एकच. तेव्हा केवळ पहिल्या अक्षराच्या आकाराने वेगळ्या असलेल्या दोन फाइली एका फोल्डरात ठेवू नयेत.

मॅकवर वापरलेली डिस्क विंडोजला लावली की प्रत्येक छायाचित्रासोबत टिंब आणि खालची रेघ यांनी सुरू होणारी, त्याच नावाची, काही केबींची एक फाइल दिसते आणि ती उघडत नाही. ते बिघडलेले छायाचित्र नसते. मॅकला हवी असलेली जास्तीची माहिती एक्सफॅटमध्ये ठेवायला जागा नसल्यामुळे ती अशी शेजारी ठेवली जाते. छायाचित्रांच्या बाबतीत ती पुसली तरी मूळ फाइल शाबूत राहते.

मोठ्या एक्सफॅट डिस्कवर लहान फाइली फार जागा खातात, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर विंडोज मूळतः १२८ केबीचे कप्पे पाडते आणि एका कप्प्यात एकच फाइल बसते. २ केबीच्या एक लाख फाइलींचा प्रोजेक्ट खरे तर २०० एमबीचा असतो, पण तो या डिस्कवर १२ जीबीहून अधिक जागा घेतो आणि कॉपीही अतिशय सावकाश होतो. शिवाय लिनक्समधील फाइल चालवण्याची परवानगी आणि सिंबॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या खुणा) एक्सफॅटमध्ये टिकत नाहीत. म्हणून प्रोग्रॅमिंगचा प्रोजेक्ट लिनक्सवरच ‘टार’ करून, म्हणजे सगळ्या फाइलींचे एक गाठोडे बांधून, एकच फाइल म्हणून ठेवावा, तो उघडताना परवानग्या पूर्ववत मिळतात.

छपाईशी संबंधित मंडळींना एक वेगळाच अनुभव येतो. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बसवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की भलतीच चिन्हे दिसतात. फाइल डिस्कवर शाबूत असते, त्या संगणकावर तो फॉन्ट नसतो. फॉन्ट बदलण्याची सोय नसेल तर फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ सोबत ठेवावी.

हरवली तर, आणि बिघडली तर

एक्सफॅट डिस्कवर कोणाची फाइल कोणाला दिसावी याचा बंदोबस्त नसतो. डिस्क बसमध्ये राहिली तर ज्याच्या हाती पडेल त्याला सारे उघडता येते. विंडोजचे बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप मॅकला मूळ स्थितीत उघडता येत नाही आणि मॅकने कुलूपबंद केलेली एपीएफएस डिस्क विंडोजला उघडत नाही, त्यामुळे तीन संगणकांच्या कामात ही दोन्ही कुलपे निरुपयोगी आहेत. व्हेराक्रिप्ट हे पासवर्डचे कुलूप लावणारे मोफत सॉफ्टवेअर तिन्हीकडे चालते. पूर्ण डिस्कला कुलूप लावण्याऐवजी एक्सफॅट डिस्कवर त्याची एक ठरावीक आकाराची फाइल तयार करावी, आतली फाइल सिस्टिमही एक्सफॅटच निवडावी आणि ओळखपत्रे, बँकेचे कागद अशा गोष्टी तेवढ्या तिच्यात ठेवाव्यात. पासवर्ड विसरला तर ती कोणालाही उघडता येत नाही, तेव्हा तो घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाकडे लिहून ठेवलेला असावा.

ज्यांचे सर्व संगणक एकाच घरात आहेत त्यांना डिस्क फिरवण्याची गरजच नसते. ती कायम एका संगणकाला जोडून ठेवावी, त्यावरील फोल्डर घरच्या वायफायवर शेअर करावा आणि बाकीच्यांनी तो नेटवर्कवरून उघडावा. मग डिस्कची फाइल सिस्टिम कोणती हे फक्त त्या एका संगणकाला कळले की पुरते आणि एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ निर्धास्तपणे वापरता येते.

मॅकचे टाइम मशीन एक्सफॅट डिस्कवर थेट बॅकअप घेत नाही. डिस्क त्यासाठी दिली तर ती आधी पुसण्याची परवानगी मागते, ती देऊ नये. एकाच डिस्कचे दोन भाग करून एकात एपीएफएस आणि दुसऱ्यात एक्सफॅट ठेवता येते, परंतु नवख्यांना मी ते सुचवणार नाही, कारण तो एपीएफएस भाग विंडोजला दिसला की फॉरमॅटची तीच सूचना पुन्हा येऊ शकते आणि ती प्रत्येक वेळी प्रत्येकाने नाकारली पाहिजे, असा धोका वर्षानुवर्षे सांभाळणे अवघड असते. दोन भागांऐवजी दोन डिस्क घ्याव्यात. आम्ही तेच केले. फिरणारी डिस्क एक्सफॅट आहे. दुसरी डिस्क एनटीएफएस आहे, ती माझ्या कपाटातून हलत नाही, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी फिरत्या डिस्कवरचे नवे फोल्डर तिच्यावर उतरवले जातात. उतरवून झाल्याखेरीज कॅमेऱ्याचे कार्ड कोणी रिकामे करायचे नाही, हा नियम आम्ही सर्वांनी मान्य केलेला आहे.

फिरत्या डिस्कवर आम्ही एक पांढरी पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने चार ओळी आहेत: डिस्कचे नाव, ‘एक्सफॅट’, फॉरमॅट केल्याची तारीख आणि ‘फॉरमॅट विचारल्यास कॅन्सल करावे’. डिस्क नव्या माणसाकडे जाताना ती पट्टी त्याला आधी वाचून दाखवतो आणि मगच केबल देतो.